कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिनीची नक्कल करतात, ती ओळखायची कशी?

ऑक्सिजन रक्तवाहिनीतून बाहेर पडला की ऊतींमध्ये जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत पोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणून गाठ मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची असेल तर तिला रक्तपुरवठ्याची सोय लावावीच लागते. बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली यावर एक सरळ मांडणी केली. गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना रासायनिक इशारे देऊन नवे फाटे फोडायला लावते. ते फाटे रोखले की गाठीची वाढ थांबेल. त्या इशाऱ्यांपैकी सगळ्यात मोठा म्हणजे व्हीईजीएफ. त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मूळ चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर १५.६ महिने असलेलं मध्यक आयुष्य त्याच्या जोडीने २०.३ महिन्यांवर गेलं होतं. फायदा खरा होता, पण गाठी उपाशी मरत नव्हत्या.

फोकमन यांच्या मांडणीत एक गोष्ट कुणी बोलून न दाखवता धरून चालली होती: रक्त वाहणारी नळी म्हटली की तिला आतून एंडोथेलियल पेशींचं अस्तर असणारच. १९९९ साली आयोवा विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅनिओटिस, रॉबर्ट फोल्बर्ग, मेरी हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गृहीतकालाच हात घातला. डोळ्याच्या आतल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, आक्रमक गाठींत त्यांना असे मार्ग दिसले, ज्यांत तांबड्या पेशी होत्या, पण एंडोथेलियमचा पत्ता नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नव्हता, आणि एंडोथेलियमच्या खुणा शोधणाऱ्या प्रतिपिंडांनीही सापडला नाही. मार्गाच्या भिंतीला कर्करोगाच्याच पेशी होत्या. या प्रकाराला त्यांनी व्हॅस्क्युलोजेनिक मिमिक्री म्हटलं. प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘व्हीएम’ म्हणतात, इथेही तेच वापरू.

हे डोळ्यातल्या गाठीत आधी दिसलं याला कारण आहे. डोळ्याच्या आत लसीकावाहिन्या नाहीत. तिथला मेलॅनोमा पसरतो तो रक्तातून, आणि बहुतेक वेळा यकृतात जातो. त्यामुळे या गाठीत रक्ताचे मार्ग कसे आहेत, यावर रुग्णाचं पुढचं बरंच काही अवलंबून असतं. फोल्बर्ग पॅथॉलॉजिस्ट. पीएएस नावाच्या जुन्या रंगाने त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच या गाठींमध्ये गुलाबी-जांभळ्या रेषांचे ठरावीक आकृतिबंध नोंदवले होते: कमानी, बंद वळसे, वळशांना वळसे जोडून झालेली जाळी. वळसे आणि जाळी असलेल्या गाठी जास्त पसरत होत्या. म्हणजे आकृतिबंध आधी सापडला आणि त्याचा अर्थ नंतर लागला.

आत नेमकं काय चालतं

व्हीएमचे दोन प्रकार सांगतात. एकात कर्करोगाच्या पेशी नळीभोवती गोल बसतात. दुसऱ्यात, म्हणजे फोल्बर्ग यांनी पाहिलेल्या प्रकारात, गोल नळी नसतेच. पेशींच्या पुंजक्यांभोवती लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन, चौथ्या प्रकारचं कोलॅजेन यांचे पातळ पडदे गुंडाळलेले असतात, आणि त्यातून प्लाझ्मा व तांबड्या पेशी सरकतात. स्लाइडवर आपण पडद्याचा आडवा छेद बघतो, म्हणून तो कमानीसारखा किंवा वळशासारखा दिसतो. नेहमीची रक्तवाहिनी ही पाइपलाइन धरली तर हा शेतातला मातीचा पाट आहे: बांधकाम नाही, अस्तर नाही, पण पाणी पोचतं.

आता पेशी हे करते कशी. रक्तवाहिनीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात ते व्हीई-कॅडहेरिन या प्रथिनाने. ते एंडोथेलियमचं ओळखपत्र मानलं जात असे. आक्रमक मेलॅनोमाच्या पेशी तेच बनवतात. सौम्य मेलॅनोमाच्या पेशी बनवत नाहीत. २००१ मध्ये हेंड्रिक्स यांच्या गटाने आक्रमक पेशींतलं व्हीई-कॅडहेरिन दाबून पाहिलं, तर त्यांची जाळी तयार होण्याची क्षमताच गेली. म्हणजे हे प्रथिन त्या कामाला लागतंच.

पुढची साखळी अशी. व्हीई-कॅडहेरिनमुळे ईएफए-२ नावाचा ग्राहक (पेशीवर बसून इशारे पकडणारं प्रथिन) दोन पेशींच्या सांध्यावर जागेवर बसतो आणि चालू होतो. तो एफएके आणि पीआय-३ कायनेज या पेशीतल्या संदेशवाहक विकरांना जागं करतो. त्यातून पेशीच्या पृष्ठभागावर एमएमपी-१४ हे प्रथिनं कापणारं विकर वाढतं. एमएमपी-१४ सुप्त एमएमपी-२ ला कापून कार्यरत करतं. मग हे दोघे मिळून लॅमिनिन-३३२ च्या गॅमा-२ साखळीचे तुकडे पाडतात, आणि हे तुकडेच शेजारच्या पेशींना सरकायला आणि ओळीने लागायला सांगतात. साखळीतला कुठलाही दुवा तोडला की प्रयोगात जाळी विस्कटते.

या शेवटच्या पायरीवरचा एक प्रयोग मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत बोलका वाटतो. आक्रमक मेलॅनोमाच्या पेशी कोलॅजेनच्या थरावर काही दिवस वाढू दिल्या. मग त्या पेशी रसायनाने धुऊन काढल्या. थर तेवढा राहिला. त्याच थरावर सौम्य मेलॅनोमाच्या पेशी टाकल्या, ज्या एरवी जाळी करत नाहीत. त्यांनी जाळी केली. आक्रमकपणाची शिकवण मागे राहिलेल्या जमिनीत होती. गाठीतल्या एका पेशीचं वागणं तिच्या जनुकांवरून पूर्ण का ठरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट करून दाखवणारं उदाहरण पटकन आठवत नाही.

या पेशी इतकं सगळं नव्याने शोधून काढतात असं नाही. हा कार्यक्रम शरीरात आधीपासून आहे. गर्भधारणेत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या सर्पिल धमन्यांत शिरतात, तिथलं एंडोथेलियम हटवून स्वतः अस्तर होतात, आणि तसं करताना व्हीई-कॅडहेरिनसह वाहिनीची प्रथिनं बनवू लागतात. हे बदल नीट झाले नाहीत तर प्रीएक्लॅम्प्सियासारखा (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा) धोका उभा राहतो. नोडाल हे प्रथिनही तसंच. भ्रूणात पेशींना दिशा देणारं, मोठेपणी जवळपास गप्प बसणारं. २००६ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांच्या मदतीने दिसून आलं की आक्रमक मेलॅनोमाच्या पेशी नोडाल पुन्हा बाहेर सोडतात, आणि ते अडवलं की त्यांचा आक्रमकपणा आणि रूप बदलण्याची लवचीकता दोन्ही ओसरतात. भर पडते ती ऑक्सिजनच्या टंचाईची. टंचाईत एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन वाढतं आणि यातली बरीच जनुकं वर ढकलतं.

एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो चांगला आहे: एंडोथेलियम नसलेल्या पृष्ठभागावर रक्त गोठत कसं नाही? गोठायला हवं. कर्करोगाच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर भरपूर असतो, म्हणजे रक्त लागताच गुठळी. पण या पेशी गुठळीविरोधी प्रथिनंही स्वतःच सोडतात. मेलॅनोमात टीएफपीआय-१ आणि टीएफपीआय-२ दोन्ही वाढलेली सापडली. त्यातलं पहिलं गोठण्याला आवर घालतं. दुसरं जमिनीच्या फेररचनेत भाग घेतं. २०१५ मध्ये ग्रेग हॅनन यांच्या गटाने उंदराच्या स्तनकर्करोगातल्या पेशींच्या कुळांवर वेगवेगळ्या जनुकीय खुणा लावल्या आणि कोणती कुळं रक्तात शिरतात ते पाहिलं. शिरणाऱ्या कुळांत सर्पिन-ई२ आणि एसएलपीआय ही दोन प्रथिनं जास्त होती, त्यांच्याशिवाय व्हीएम होत नव्हतं, आणि सर्पिन-ई२ हे थ्रॉम्बिनचं रोधक आहे. म्हणजे गाठीत हा मार्ग उघडा ठेवला जातो, आणि ज्या मार्गाने रक्त आत येतं त्याच मार्गाने पेशी बाहेर पडून फुप्फुसात जातात. व्हीएम असलेल्या गाठी जास्त का पसरतात, याचं हे सर्वांत थेट उत्तर आहे.

स्लाइडवर शोधताना

रुग्णाच्या गाठीत व्हीएम शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे एकाच छेदावर दोन रंग: एंडोथेलियमसाठी सीडी-३१ किंवा सीडी-३४, आणि भिंतीतल्या शर्करायुक्त प्रथिनांसाठी पीएएस. पीएएसला रंग, सीडी-३१ ला नाही, पोकळीत तांबड्या पेशी, आणि जवळपास मृत ऊती नाही. हे चारही जुळले तरच नोंद करायची.

पॅराफिन ब्लॉकमधून ४ मायक्रोमीटरचा छेद घ्या. प्रतिपिंडाचं काम आधी, पीएएस नंतर. उलटं केलं तर पिरियॉडिक ॲसिड शर्करांचं ऑक्सिडेशन करतं आणि प्रतिपिंडाला धरायच्या जागा बिघडतात. डॅबचा (प्रतिपिंड चिकटलेली जागा दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा) तपकिरी रंग आला की नीट धुवा, मग ०.५ टक्के पिरियॉडिक ॲसिडमध्ये १० मिनिटं, ऊर्ध्वपातित पाण्यात धुणं, शिफ अभिकर्मकात १५ मिनिटं, आणि नळाच्या वाहत्या कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं. हे शेवटचं धुणं घाईत उरकू नका. गुलाबी रंग खुलतो तो तिथे. शेवटी हिमॅटॉक्सिलिन हलकं ठेवा, गडद झालं की पातळ रेषा त्यात बुडून जातात.

शिफ अभिकर्मक जुना झाला की फसवतो. बाटलीतच गुलाबीसर दिसला तर टाकून द्या. खात्री करायची असेल तर थोड्या फॉर्मलिनमध्ये त्याचे काही थेंब सोडा. चांगला असेल तर झटकन लालसर-जांभळा होतो. रेंगाळत निळसर झाला तर त्याचे दिवस भरले.

छेदातच तुमचा नियंत्रण-नमुना असतो: गाठीच्या कडेची नेहमीची रक्तवाहिनी. ती तपकिरीही दिसली पाहिजे आणि तिची तळपटलं (अस्तराखालचे पातळ पडदे) गुलाबीही. ती तपकिरी दिसत नसेल तर त्या स्लाइडवर व्हीएम मोजणं थांबवा. फॉर्मलिनमध्ये नमुना फार काळ पडून राहिला असेल तर सीडी-३१ मरतं, आणि मग प्रत्येक खरी वाहिनी ‘एंडोथेलियम नसलेली’ दिसायला लागते. छापून आलेल्या कामांत ही चूक किती वेळा झाली असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ती ओळखताच येत नाही.

पीएएस ग्लायकोजेनलाही रंगवतो. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात पेशी ग्लायकोजेनने भरलेल्या असतात, तिथे डायस्टेज (ग्लायकोजेन पचवणारं विकर) वापरून ते आधी काढून टाका, आणि डायस्टेज चालतंय ना हे यकृताच्या छेदावर ताडून पाहा. आतड्याच्या कर्करोगातल्या म्युसिनवर डायस्टेजचा उपाय चालत नाही. तिथे आकार बघूनच ठरवावं लागतं. मेलॅनोमात वेगळी पंचाईत. मेलॅनिन तपकिरी, डॅबही तपकिरी. लाल रंगद्रव्य वापरावं तर पीएएस आधीच गुलाबी. अशा वेळी हायड्रोजन पेरॉक्साइडने मेलॅनिन विरंजित करा, किंवा लागोपाठचे दोन छेद घेऊन एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा रंग लावा. दुसरा मार्ग सोपा आहे, पण ४ मायक्रोमीटरच्या अंतरात पातळ मार्ग वळून निघून जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

फक्त सीडी-३४ वर विसंबू नका. लसीकावाहिन्या बहुधा सीडी-३४ ला रंग घेत नाहीत, आणि त्यांत बायोप्सीच्या वेळचं रक्त शिरलं असेल तर नवखा माणूस त्यांना सरळ व्हीएम म्हणून मोकळा होतो. डी२-४० हे लसीकावाहिन्यांना धरणारं प्रतिपिंड लावलं की शंका मिटते. फॉर्मलिनमध्ये ऊती आक्रसते तेव्हा पुंजक्यांभोवती फटी पडतात, त्या दुसऱ्या फसव्या जागा. फटीला पीएएसची स्वच्छ किनार नसते. रक्तस्राव झालेला असेल तर तांबड्या पेशी अस्ताव्यस्त पसरलेल्या, सोबत फायब्रिन, कधी जुन्या रक्ताचा हिमोसिडेरिन. खऱ्या मार्गात त्या रांगेत, कडांच्या आत असतात.

आणि इतकी काळजी घेऊनही ही कसोटी अपुरीच आहे. २०१४ मध्ये उंदराच्या मेलॅनोमात सीडी-३१ असलेल्या कर्करोगपेशींचा एक उपगट सापडला, आणि मार्ग बनवणाऱ्या पेशी त्याच निघाल्या. ‘सीडी-३१ नाही म्हणजे व्हीएम’ या नियमात त्या बसतच नाहीत. म्हणून भिंतीतली पेशी कर्करोगाचीच आहे, याचा स्वतंत्र पुरावा लागतो: त्या गाठीतला ओळखीचा गुणसूत्रदोष फिश या (गुणसूत्रांवर चमकणारी खूण लावण्याच्या) तंत्राने त्याच केंद्रकात दाखवणं, किंवा उंदरात मानवी गाठ वाढवली असेल तर मानवी आणि उंदराच्या प्रथिनांचे वेगवेगळे प्रतिपिंड लावणं.

बशीतली जाळी

शोधनिबंधांत सर्वाधिक दिसणारं चित्र म्हणजे मॅट्रिजेल या प्रथिनांच्या मऊ जेलवर पेशींनी विणलेली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. प्रयोग स्वस्त, झटपट, आणि म्हणूनच सर्वांत जास्त गैरवापर झालेला.

मॅट्रिजेल उंदराच्या एका सार्कोमापासून काढतात, आणि प्रत्येक खेपेला त्यातलं प्रथिनांचं प्रमाण बदलतं. एका अभ्यासाला लागेल तेवढं एकाच खेपेचं घ्या, आणि ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं घ्या. रात्रभर ४ अंशाला बर्फात वितळू द्या. टेबलावर वितळवलं तर गाठी होतात. टिप्स आणि प्लेट आधी गार करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये खळग्याला ५० मायक्रोलिटर, बुडबुडा न येऊ देता, मग ३७ अंशाला ३० ते ६० मिनिटं. त्यावर खळग्याला १५ ते २० हजार पेशी. जास्त टाकल्या तर सलग चादर होते, कमी टाकल्या तर पेशी एकमेकींना गाठतच नाहीत. थर पातळ पडला तर पेशी खालच्या प्लास्टिकवर पसरून बसतात. नाळेच्या शिरेतल्या एंडोथेलियल पेशी ४ ते १२ तासांत जाळी करतात आणि नंतर ती मोडू लागते. कर्करोगाच्या पेशींना बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो. एकाच वेळेचा फोटो काढून तुलना केली तर एकीची जाळी मोडताना आणि दुसरीची बनताना पकडली जाते. ठरावीक अंतराने निदान २४ तास फोटो काढा.

औषधाचा परिणाम तपासत असाल तर पेशी जिवंत आहेत ना, हे त्याच मात्रेवर आणि त्याच वेळेला वेगळं मोजा. मेलेल्या पेशी जाळी विणत नाहीत. ‘व्हीएम रोखलं’ असं सांगणाऱ्या कितीतरी संयुगांनी प्रत्यक्षात नुसत्या पेशी मारलेल्या असतात.

त्याहून मोठी अडचण अशी की मऊ थरावर ओढणाऱ्या कुठल्याही पेशी जाळीसारख्या दिसू शकतात. फायब्रोब्लास्टसुद्धा. जाळीत पोकळी आहे का, हा खरा प्रश्न. त्यासाठी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने थरामागून थर घेऊन आडवा छेद पाहा, पीएएस लावून पाहा, आणि जमल्यास बारीक सुईने चमकणारा रंग एका टोकाला सोडून तो पुढे सरकतो का ते बघा. याशिवाय जाळी ही जाळीच आहे, वाहिनी नाही.

पेशींची ओळखही तपासा. या क्षेत्रात वर्षानुवर्षं डोळ्याच्या मेलॅनोमाची म्हणून वापरलेली सी-९१८ ही पेशीमालिका २०१५ मध्ये एसटीआर या, डीएनएवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या, चाचणीत त्वचेच्या मेलॅनोमाच्या सी-८१६१ शी तंतोतंत जुळली. दोन वेगळ्या अवयवांतून आलेल्या पेशी सारखंच वागतात, असं ज्या निष्कर्षांत म्हटलं होतं, ते त्या दिवशी अर्धे झाले. रुग्णांच्या ऊतींतली निरीक्षणं यामुळे खोटी ठरत नाहीत, पण एसटीआरचा ताजा अहवाल नसेल तर निबंधातली ती आकृती मी हिशेबात धरत नाही.

आणि शेवटी रक्त वाहतं का? सुरुवातीलाच, २००० साली, डोनाल्ड मॅकडोनाल्ड, लान्स मन आणि राकेश जैन यांनी हाच आक्षेप घेतला: हे मार्ग रक्ताभिसरणाला जोडलेले आहेत, आणि त्यांचं प्रमाण नोंद घेण्याजोगं आहे, हे दाखवा. आक्षेप रास्त होता आणि त्याने क्षेत्राचं भलंच केलं. त्याच वर्षी उंदरात वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगात आढळलं की रक्त वाहणाऱ्या वाहिन्यांपैकी सुमारे १५ टक्के वाहिन्यांच्या भिंतीत एंडोथेलियमसोबत कर्करोगाच्या पेशीही उघड्या होत्या, आणि त्यांनी व्यापलेली जागा एकूण आतल्या पृष्ठभागाच्या ४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे शुद्ध व्हीएम आणि शुद्ध रक्तवाहिनी यांच्यामध्ये मिश्र भिंतीच्या वाहिन्याही आहेत. पुढे डॉपलर, एमआरआय आणि रक्तात सोडलेले सूक्ष्म मणी यांनी उंदरांतल्या काही गाठींत या मार्गांतून प्रवाह दाखवला गेला.

असा प्रयोग करताना लेक्टिनवर भागवू नका. ते एंडोथेलियमच्या शर्करांना चिकटतं. अस्तरच नसेल तर चिकटायला काही नाही. २० लाख डाल्टनचं डेक्स्ट्रान (मोठ्या रेणूची शर्करा) वापरा आणि सोडल्यावर थोड्याच मिनिटांत ऊती गोठवा. ७० हजार डाल्टनचं डेक्स्ट्रान गाठीतल्या गळक्या वाहिन्यांतून पाझरून आजूबाजूला पसरतं, आणि तो पाझर मार्गासारखा दिसतो.

औषधांशी याचा संबंध

२००४ मध्ये आयोवाच्याच परंपरेतल्या एका अभ्यासात एंडोस्टॅटिनसकट तीन वाहिनीरोधक द्रव्यं एंडोथेलियल पेशींवर आणि मेलॅनोमाच्या पेशींवर शेजारी-शेजारी तपासली. एंडोथेलियमची जाळी थांबली. मेलॅनोमाची चालूच राहिली. नक्कल करणाऱ्या पेशी काम तेच करतात, पण औषध जिथे धरतं ते हँडल त्यांच्याकडे असेलच असं नाही.

मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमाचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत बेव्हॅसिझुमॅबने रोग पुढे सरकण्याचा काळ लांबवला. एकीत तो ६.२ वरून १०.६ महिन्यांवर गेला. पण त्याच चाचणीत एकूण आयुष्य १६.८ विरुद्ध १६.७ महिने, म्हणजे काहीच फरक नाही. स्तनकर्करोगासाठी दिलेली मंजुरी तर अमेरिकेच्या नियामकांनी नोव्हेंबर २०११ मध्ये मागे घेतली. याचं खापर एकट्या व्हीएमवर फोडणारे लेख वाचले की मला ते पटत नाही. गाठ आधीपासून असलेल्या वाहिन्यांना कवटाळून वाढू शकते, यकृतातल्या गाठींत हे ठळक दिसतं. एफजीएफसारखे दुसरे इशारे वापरू शकते. ग्लिओब्लास्टोमातल्या काही मूळपेशी सरळ एंडोथेलियमसारख्या पेशींत बदलतात, तो मार्ग वेगळाच. व्हीएम या पळवाटांपैकी एक आहे. मात्र एक बाब गंभीरपणे घ्यायला हवी: व्हीईजीएफ अडवल्याने गाठीत ऑक्सिजन घटतो, आणि ऑक्सिजन घटणं हेच व्हीएमला चालना देणारं कारण. ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या उंदरांवरच्या प्रयोगांत सुनिटिनिब या वाहिनीरोधक औषधानंतर व्हीएम वाढलेलं दिसलं आहे.

रुग्णांच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणातला आहे: २२ अभ्यास, ३,०६२ रुग्ण, १५ प्रकारचे कर्करोग. व्हीएम असलेल्यांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के, नसलेल्यांत ५६ टक्के. कल स्पष्ट आहे. पण यातले बहुतेक अभ्यास वर सांगितलेल्या दुहेरी रंगावर उभे आहेत, म्हणजे त्या रंगाच्या सगळ्या खोड्या या आकड्यात उतरलेल्या आहेत. शिवाय जी गाठ व्हीएम करते ती एरवीही जास्त दांडगी असते. डोळ्याच्या मेलॅनोमात आज धोका ठरवायला तिसरं गुणसूत्र, बीएपी-१ हे जनुक आणि जनुकांच्या अभिव्यक्तीची चाचणी वापरतात; आकृतिबंध मागे पडले, आणि तसं होणं बरोबरच आहे.

घरातल्या कुणाचा बायोप्सी रिपोर्ट हातात असेल तर त्यात व्हीएमचा उल्लेख शोधू नका. नेहमीच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलं जात नाही, आणि ते आहे-नाही यावर आज कोणताही उपचार ठरत नाही. त्यासाठी पैसे भरून वेगळी चाचणी करून घेण्यात अर्थ नाही. बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर हे वाचून ते थांबवू नका. ज्या कर्करोगांत त्याचा फायदा चाचण्यांत दिसला आहे, तिथे तो दिसलाच आहे. त्या औषधाच्या बाबतीत घरच्यांनी करायची कामं वेगळी आहेत. रक्तदाब नियमित मोजणं, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी चुकू न देणं, आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरत असेल, अगदी मोठं दातकाम असलं तरी, आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारणं. या औषधावर जखमा उशिरा भरतात. ठरलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे ते थांबवतात.

हळदीबद्दल विचारणा होतेच, म्हणून तेही. २०११ मध्ये उंदराच्या डोळ्याच्या मेलॅनोमाच्या नमुन्यात कर्क्युमिनने ईएफए-२ ची साखळी दबून व्हीएम कमी झाल्याचं खरोखर प्रसिद्ध झालं आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत याच्याच जोरावर ‘हळद गाठीचा रक्तपुरवठा तोडते’ असं लिहिलेलं असतं. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. आणि शोषण वाढावं म्हणून मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपीत यकृतावर आधीच ताण असतो. आमटी-भाजीतली हळद खुशाल चालू ठेवा. कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

व्हीएमवर थेट नेम धरणारी औषधं अजून सुरुवातीच्या टप्प्यांत आहेत. अशा चाचण्यांची बातमी येईल तेव्हा मी एकच गोष्ट आधी शोधेन: उपचाराआधी आणि उपचारादरम्यान त्याच रुग्णाच्या गाठीची ऊती घेतली होती का, आणि मार्गातली पेशी कर्करोगाची आहे, हे नुसत्या गुलाबी रेषेऐवजी जनुकीय खुणेने दाखवलं होतं का. ते नसेल तर गाठ लहान झाली एवढंच कळेल; मार्ग बंद झाले म्हणून झाली की आणखी कशाने, हे कळणार नाही.